जुनं लाकूड, नवं घर

वाचण्यापूर्वी
तुमच्या घरातल्या लाकडाच्या तीन वस्तू आठवा. त्या कोणत्या झाडाच्या लाकडापासून बनल्या आहेत, हे तुम्हाला माहीत आहे का? घरच्यांना विचारा. उत्तर मिळालं नाही तरी चालेल. पाठ वाचून झाल्यावर त्या वस्तूंकडे पुन्हा एकदा बघा.

रस्त्याकडेचं कोठार

पेनसिल्व्हेनिया किंवा ओहायोमधून गाडीने जाताना शेतांच्या कडेला मोठमोठी लाकडी कोठारं दिसतात. त्यांना बार्न म्हणतात, आणि मराठीत बोलतानाही आपण सरळ बार्नच म्हणतो. काही बार्न नीट रंगवलेले असतात. काहींच्या फळ्या ऊन-पावसाने राखाडी झालेल्या असतात. आणि काहींचं छप्पर मध्येच खचलेलं असतं, जणू एखादं म्हातारं जनावर गुडघ्यावर बसलंय.

हे बार्न गवत, धान्य आणि गुरं ठेवायला बांधले होते. आजची मोठी यंत्रं त्यांच्या दारातून आत जात नाहीत. लहान शेतं एकत्र झाली, काही विकली गेली आणि बार्न रिकामे पडले. रिकामी इमारत लगेच पडत नाही. आधी छप्पर गळायला लागतं. मग पाणी तुळईच्या टोकाशी साचतं, तिथलं लाकूड कुजतं आणि एके दिवशी सगळा सांगाडा वाकतो.

अशा बार्नचं करायचं काय? मालकापुढे तीन वाटा असतात. दुरुस्ती करून तो उभा ठेवायचा. तसाच पडू द्यायचा. किंवा काळजीपूर्वक उतरवून त्याचं लाकूड दुसऱ्या घरात वापरायचं. या पाठात आपण तिसऱ्या वाटेने जाणार आहोत. जुनं लाकूड गिऱ्हाइकाच्या मापाने कापून, त्याला रंधा मारून, नव्या कामासाठी तयार करणं हा अमेरिकेत एक वेगळा व्यवसाय आहे. त्यासाठी खास गिरण्या असतात. गिरणी म्हटलं की आपल्याला पीठ आठवतं, पण ही लाकडाची गिरणी. भारतात तिला आपण सॉ मिल म्हणतो.

समजा, तुमच्या घराचं नूतनीकरण चाललंय. बैठकीच्या खोलीतला जुना गालिचा काढून तिथे लाकडी जमीन करायची आहे. बाबा म्हणतात, "बार्नचं जुनं लाकूड घेऊ. जुनं ते सोनं!" आई म्हणते, "सोन्याइतकीच किंमत सांगताहेत!" बरोबर कोण? पाठाच्या शेवटी तुम्हीच सांगा.

जुन्या लाकडात असं काय असतं?

कुठलंही लाकूड नुसतं जुनं आहे म्हणून चांगलं होत नाही. कुजलेलं लाकूडही जुनंच असतं. खरा प्रश्न असा, की ते कोणत्या झाडाचं आहे आणि तसं झाड आज मिळतं का?

अमेरिकेतल्या चेस्टनट झाडाची गोष्ट ऐका. अ‍ॅपलेशियन डोंगरांच्या काही भागांत एकेकाळी दर चार मोठ्या झाडांमागे एक चेस्टनट होतं, असं सांगतात. त्याचं लाकूड वजनाला हलकं, सरळ चिरलं जाणारं आणि पावसात सहज न कुजणारं. म्हणून शेतकऱ्यांनी कुंपणापासून तुळयांपर्यंत सगळीकडे ते वापरलं. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयातली चेस्टनटची झाडं वाळताना दिसली. आशियातून आणलेल्या झाडांबरोबर एक बुरशी इथे आली होती. आशियातल्या झाडांना तिची सवय होती, इथल्या झाडांना नव्हती. पुढच्या सुमारे ५० वर्षांत तीनशे ते चारशे कोटी झाडं मेली.

आजही जंगलात चेस्टनटच्या जुन्या मुळांना धुमारे फुटतात. पण झाड मोठं होण्याआधीच बुरशी त्याला गाठते. म्हणजे मोठ्या चेस्टनटच्या रुंद फळ्या आज हव्या असतील, तर त्या जंगलात नाही, जुन्या इमारतींतच मिळणार.

दुसरं उदाहरण लाँगलीफ पाइनचं. व्हर्जिनियापासून टेक्सासपर्यंत त्याची जंगलं सुमारे नऊ कोटी एकरांवर पसरली होती. आता त्यांचा अगदी थोडा भाग उरलाय. जुन्या दाट जंगलात हे झाड फार सावकाश वाढायचं. त्यामुळे त्याची वर्षवलयं एकमेकांना चिकटून असायची आणि गाभ्याचं लाकूड जड, राळेने भरलेलं आणि टणक व्हायचं. अमेरिकेतल्या कितीतरी कापड गिरण्या आणि गोदामं याच लाकडाच्या तुळयांवर उभी राहिली. आज लागवडीतला पाइन भराभर वाढवतात आणि लवकर कापतात. दोन्ही लाकडांचे तुकडे शेजारी ठेवले, तर टोकाकडून वलयं मोजूनच फरक कळतो.

इथे एक सावधगिरी. "वलयं जवळजवळ म्हणजे लाकूड मजबूत" हा नियम पाइनसारख्या झाडांना लागू पडतो. ओकचं गणित वेगळं आहे. तिथे बेताने भरभर वाढलेलं लाकूड उलट जास्त जड निघतं. म्हणून विकणारा नुसतं "जुनं आहे, म्हणून मजबूत आहे" असं म्हणाला, तर पुढचा प्रश्न विचारा: "झाड कोणतं?"

बार्न उतरवणं

बार्न पाडायला एक मोठं यंत्र आणि एक दिवस पुरतो. पण पाडलेल्या बार्नमधून लाकडाच्या ढलप्या जास्त आणि फळ्या कमी मिळतात. लाकूड वाचवायचं असेल तर बार्न उतरवावा लागतो, आणि तोही बांधला त्याच्या उलट क्रमाने. आधी छप्पर, मग भिंतीच्या फळ्या, मग वासे आणि शेवटी तुळया आणि खांब.

जुन्या बार्नच्या सांगाड्यात खिळे फारसे नसतात. एका लाकडाच्या टोकाला जीभ काढलेली असते आणि दुसऱ्यात तिच्या मापाची खाच. जीभ खाचेत बसवून वरून लाकडी खुंटी ठोकलेली असते. उतरवताना खुंटी ठोकून बाहेर काढली की सांधा सुटतो. नीट उतरवलेला सांगाडा दुसरीकडे नेऊन पुन्हा उभाही करता येतो. त्यासाठी प्रत्येक तुळईवर आकडा लिहून ठेवतात.

उतरवताना लाकडावरच्या खुणाही वाचता येतात. हा भाग मला सगळ्यात आवडतो. तुळईवर आडवे, थोडे उथळ घाव दिसले, तर ती कुऱ्हाडीने हाताने चौकोनी केलेली आहे. फळीवर सरळ, एकमेकींना समांतर रेघा दिसल्या, तर ती वर-खाली चालणाऱ्या करवतीने कापली आहे. त्या करवती बहुतेक वेळा ओढ्याच्या पाण्यावर चालायच्या. आणि रेघा कमानीसारख्या वाकड्या असतील, तर करवत गोल होती. अशा गोल करवती अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात पसरल्या.

खिळेही बोलतात. लोहाराने घडवलेल्या खिळ्याचं डोकं ओबडधोबड असतं, कारण ते हातोड्याच्या घावांनी बनलेलं असतं. लोखंडाच्या पत्र्यातून कापलेला खिळा चौकोनी असतो, तो साधारण एकोणिसाव्या शतकातला. आपण आज वापरतो तो गोल तारेचा खिळा १८९० च्या सुमारापासून सगळीकडे दिसायला लागला. मात्र एका खिळ्यावरून बार्नचं वय ठरवू नका. तो नंतरच्या दुरुस्तीचाही असू शकतो.

गिरणीतला पहिला दिवस: खिळे

लाकूड गिरणीत आलं की लगेच करवतीखाली जात नाही. आधी त्यातलं लोखंड काढावं लागतं. हे काम अजूनही बरंचसं हाताने होतं. एकजण पकडीने आणि पहारीने खिळे उपटतो, दुसरा विमानतळावर असतं तसं धातू शोधणारं छोटं यंत्र फळीवरून फिरवतो. यंत्र वाजलं की तिथे खडूने खूण करायची. डोकं तुटलेला खिळा बाहेरून दिसत नाही, पण आत असतो. कधी आत काटेरी तारेचा तुकडा निघतो, कधी बंदुकीचे छर्रे. झाड वाढत गेलं आणि ते पोटात घेऊन बसलं.

एखादा खिळा राहिला तर? पातं तासाला कितीतरी फळ्या कापत असतं. त्याचे दात एका क्षणात मोडतात आणि तुटलेला तुकडा उडून माणसाला लागू शकतो. म्हणून हे काम कंटाळवाणं असलं तरी कुणी घाईने उरकत नाही.

जुनं लाकूड नव्यापेक्षा महाग का, याचंही उत्तर इथेच आहे. नवं झाड यंत्रानं पडतं, यंत्रानं कापलं जातं. जुन्या फळीवर मात्र आधी माणसाचे कितीतरी तास खर्च होतात. आईचं म्हणणं अगदी चुकीचं नाही!

खिळा निघाला की भोक उरतं. ओक आणि चेस्टनटच्या लाकडात टॅनिन नावाचं द्रव्य असतं, तेच जे चहाला तुरट चव देतं. ओलाव्यात लोखंड आणि टॅनिन एकत्र आले की लाकडावर निळसर काळा डाग पडतो. म्हणून जुन्या ओकच्या फळीवर प्रत्येक भोकाभोवती काजळासारखं वलय दिसतं. काही गिऱ्हाइकांना ते आवडतं, काहींना नाही. पण तो डाग खोटा करणं कठीण असतं, हे लक्षात ठेवा.

भट्टी: पाणी आणि किडे

बार्न शंभर वर्षं उभा होता म्हणजे लाकूड वाळलेलंच असणार, असं आपल्याला वाटतं. ते अर्धंच खरं आहे. बार्नला भिंती असल्या तरी आत हीटर नव्हता. बाहेरची हवा दमट असली की लाकूड ओलावा घेतं. तिथे ओलाव्याचं प्रमाण १२ ते १५ टक्के असू शकतं. आपल्या घरात हिवाळाभर हीटर चालतो. तिथे तेच लाकूड सहा ते नऊ टक्क्यांवर येतं.

ओलावा गेला की लाकूड आकसतं, आणि तेही लांबीत नाही, रुंदीत. आठ इंच रुंद ओकची फळी १४ टक्क्यांवरून सात टक्क्यांवर आली, तर ती चार-पाच मिलिमीटर आकसू शकते. एका फळीचं काही वाटत नाही. पण खोलीत अशा पंधरा फळ्या शेजारी-शेजारी असतील, तर सगळ्या फटी मिळून अडीच-तीन इंच होतात. डिसेंबरमध्ये तुमची पेन्सिल त्या फटीत जाईल!

म्हणून लाकूड भट्टीत ठेवतात. ही भट्टी म्हणजे गरम हवेची मोठी खोली. तिथे काही दिवस, कधी काही आठवडे हळूहळू ओलावा कमी करतात. घाई केली तर लाकूड चिरतं.

भट्टीचं दुसरं काम किड्यांचं. जुन्या लाकडात टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी दिसली, तर आत लाकूड पोखरणारे किडे असू शकतात. ते तुमच्या घरातल्या चांगल्या लाकडातही जातील. लाकूड अगदी गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटं तापवायचं, हा लाकडी खोक्यांसाठी जगभर वापरला जाणारा नियम आहे. त्याने किडे आणि त्यांची अंडी मरतात. भोकं मात्र राहतात. ती दिसली म्हणून घाबरायचं नाही, "भट्टीत ठेवलं होतं का?" एवढं विचारायचं.

थोडं गणित करू या

आता करवत. समजा, आपल्याकडे एक तुळई आहे: आठ इंच रुंद, आठ इंच जाड, दहा फूट लांब. तिच्यापासून एक-एक इंच जाडीच्या फळ्या काढायच्या आहेत. किती निघतील? आठ?

नाही. करवत स्वतःही लाकूड खाते. पातं जेवढं जाड, तेवढा भुसा. मोठी गोल करवत एका कापात सुमारे पाव इंच लाकूड खाते. सहा फळ्यांसाठी पाच काप, म्हणजे सव्वासात इंच संपले. सातवी फळी बसतच नाही. पट्ट्यासारखं पातळ पातं असलेल्या बँडसॉला एका कापात इंचाचा सोळावा भाग पुरतो. तिथे सात फळ्या निघतात आणि अर्ध्या इंचाहून थोडं जास्त उरतं. तेवढं तुळईच्या वाकड्यातिकड्या कडांमध्ये जातं. महागाचं, पुन्हा न मिळणारं लाकूड कापायचं असेल तर पातळ पातं का हवं, ते कळलं ना?

सातपैकी बाहेरच्या दोन फळ्यांच्या एका बाजूला कुऱ्हाडीच्या खुणा असतात. त्या शक्यतो तशाच ठेवून भिंतीवर लावायला विकतात. जमिनीसाठी उरल्या पाच. त्यांना रंधा मारून गुळगुळीत केलं की एक इंचाची फळी पाऊण इंचाची होते. कडा सरळ करून जीभ आणि खाच काढली की आठ इंचांपैकी वर दिसणारी रुंदी सात इंच राहते. जीभ-खाच कशासाठी? एका फळीची जीभ शेजारच्या फळीच्या खाचेत बसते आणि सगळी जमीन एकमेकांना धरून राहते. बार्नच्या सांध्याची ही धाकटी बहीणच.

आता हिशोब करा. पाच फळ्या, प्रत्येकी सात इंच रुंद आणि दहा फूट लांब: सुमारे २९ चौरस फूट. तुमची बैठकीची खोली १२ फूट बाय १५ फूट, म्हणजे १८० चौरस फूट. सहा तुळयांनी भागत नाही, सातवी लागते. कुजलेली टोकं आणि सांध्यांची भोकं कापून टाकली, तर आठवीही लागेल.

आठ तुळया! इथे जरा थांबा. ज्या तुळईने दीडशे वर्षं छप्पर पेललं, तिच्यापासून आपण पाऊण इंचाच्या पट्ट्या करतोय. एकदा कापलेली तुळई पुन्हा जोडता येत नाही. म्हणून जाणकार माणसं लाकूड करवतीखाली घालण्याआधी एक क्रम मनात ठेवतात. बार्न दुरुस्त होऊन उभा राहू शकत असेल, तर ते सगळ्यात उत्तम. ते नाही जमलं, तर सांगाडा दुसरीकडे उभा करता येईल का ते बघायचं. तेही नाही, तर चांगली तुळई तुळई म्हणूनच वापरायची. टोकं कुजलेल्या, चिरलेल्या किंवा आखूड राहिलेल्या तुळयांच्याच फळ्या करायच्या.

मात्र जुनी तुळई नव्या घरात वजन पेलायला लावायची असेल, तर इंजिनिअरने ती तपासून "चालेल" म्हणायला हवं. नुसती दणकट दिसते, एवढं पुरत नाही.

आणखी एक उपाय आहे. जुन्या लाकडाचा तीन-चार मिलिमीटरचा पातळ थर कापून प्लायवूडवर चिकटवायचा. वरून जमीन जुनीच दिसते, पण एका तुळईत कितीतरी जास्त खोली होते. तोटा असा, की अशी जमीन घासून पुन्हा नवी करायची वेळ आली, तर ती जाड फळीइतक्या वेळा घासता येत नाही.

हरवलेला तुकडा

काही वेळा नवी जमीन नको असते. जुन्या घरातला एखादा हरवलेला भाग हवा असतो. समजा, फिलाडेल्फियातलं एक जुनं घर आहे. दारांच्या चौकटीभोवती नक्षीच्या पट्ट्या आहेत: एक गोलवा, मग एक खाच, मग उतार. एका दाराची पट्टी पाण्याने कुजली. दुकानात तसा आकार मिळत नाही, कारण तो आता कुणी बनवत नाही.

मग गिरणीत चांगल्या पट्टीचा एक छोटा तुकडा नेतात. त्याच्या टोकाचा आकार कागदावर किंवा पत्र्यावर उतरवून साचा करतात. त्या साच्याबरहुकूम पोलादाचं पातं घासून तयार होतं. ते पातं मोल्डिंगच्या यंत्रात बसवलं की एका बाजूने साधी फळी आत जाते आणि दुसऱ्या बाजूने नक्षीची पट्टी बाहेर येते. पातं बनवायचा खर्च एका पट्टीसाठीही तेवढाच आणि शंभर पट्ट्यांसाठीही तेवढाच. म्हणून घरातल्या सगळ्या दारांची तपासणी आधी करून, लागतील तेवढ्या पट्ट्या एकदमच करून घेतात.

पट्टी त्याच जातीच्या, त्याच वयाच्या लाकडाची असेल, तर रंगही जुळतो. नव्या पाइनला जुन्या पाइनसारखा मधाळ तांबूस रंग यायला बरीच वर्षं लागतात.

रंगाची भीती खरी आहे

एक गोष्ट मात्र गंमत म्हणून वाचू नका. जुन्या फळ्यांवर रंग असेल, तर त्यात शिसं असू शकतं. अमेरिकेत घरांसाठीच्या शिशाच्या रंगावर १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीच्या रंगाची धूळ श्वासातून किंवा हातावाटे पोटात गेली, तर लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. म्हणून रंगवलेली जुनी फळी घरी आणून पॉलिश कागदाने घासायची नाही. गॅरेजमध्ये नाही आणि अंगणातही नाही. आधी तपासणी करायची. शिसं निघालं, तर प्रशिक्षित माणसांकडूनच काम करून घ्यायचं. तुमच्या घरी कुणी उत्साहाने घासायला बसलं, तर हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा.

हे फक्त अमेरिकेतलं आहे का?

अजिबात नाही. लंडनमध्ये लिबर्टी नावाचं मोठं दुकान आहे. तिथल्या वाचकांनी ते पाहिलं असेल. त्याची १९२४ ची लाकडी इमारत दोन जुन्या युद्धनौकांचं लाकूड वापरून बांधली. त्यातल्या एका नौकेचं नाव होतं हिंदुस्तान.

आणि आपल्या घरचं बघा. पुण्यात एखादा वाडा उतरवला, की सागवानाच्या तुळया, खांब, चौकटी आणि दारं कुणी कचऱ्यात टाकत नाही. ती जुन्या लाकडाच्या वखारीत जातात. सुतार येतो, नखाने लाकूड खरवडून बघतो, उचलून वजन बघतो, मग भाव ठरतो. खिळे उपटून, रंधा मारून त्याच तुळईचं नवं दार होतं, पलंग होतो, देव्हारा होतो. कोकणात जुन्या घराची फणसाच्या लाकडाची दारं नव्या घराला लागलेली दिसतात. या कामाला तिथे वेगळं नाव नाही. ती साधी घरातली रीत आहे. लाकूड महाग आणि सुतार ओळखीचा, मग टाकायचं कशाला?

पुढच्या वेळी आजी-आजोबांशी व्हिडिओवर बोलाल, तेव्हा विचारा: "आपल्या जुन्या घराच्या तुळया कुठे गेल्या?" काही घरांत उत्तर लगेच मिळेल: "अरे, तू ज्या पाटावर बसून जेवलास ना, तोच!" आणि काही घरांत आजी थोडी गप्प बसेल. घर उतरवलं त्या दिवशी ती तिथे असेल, तर तिला ते सगळं आठवत असेल. घाई करू नका, ऐकून घ्या.

मग बरोबर कोण?

बाबांचं "जुनं ते सोनं" अर्धं बरोबर आहे. लाकूड चेस्टनट असेल, जुन्या जंगलातला पाइन असेल, तर ते खरंच पुन्हा मिळणार नाही. आईचंही बरोबर आहे: नुसतं जुनं दिसतं म्हणून जास्त पैसे द्यायचे नसतात. बाजारात नवं लाकूडही यंत्राने ओरखडून, राखाडी रंग लावून जुनं म्हणून विकलं जातं. म्हणून दोघांनी मिळून गिरणीत पाच प्रश्न विचारावेत:

१. हे लाकूड कोणत्या झाडाचं आहे आणि कोणत्या प्रकारच्या इमारतीतून आलं?
२. ती इमारत का उतरवली? ती वाचू शकली असती का?
३. खिळे काढले का? भट्टीत ठेवलं होतं का? आता ओलावा किती टक्के आहे?
४. रंग असेल, तर शिशाची तपासणी झाली का?
५. आमच्या खोलीसाठी किती लाकूड कापावं लागेल आणि त्यातलं किती वाया जाईल?

चांगला गिरणीवाला या प्रश्नांनी चिडत नाही. उलट तो तुम्हाला आत नेतो, फळीचं टोक उजेडात धरतो आणि म्हणतो, "मोजा वलयं."

फळ्या घरी आल्या की लगेच ठोकू नका. काही दिवस त्याच खोलीत, मध्ये हवा खेळेल अशा रचून ठेवा. त्यांना तुमच्या घराच्या हवेची सवय होऊ द्या. मग जमीन तयार झाली की अनवाणी चालून बघा. पायाला एखादं बारीक भोक लागेल. तिथे एकेकाळी चौकोनी खिळा होता.

शब्द ओळखू या
तुळई: छप्पर किंवा मजला पेलणारं जाड आडवं लाकूड.
वासा: छपराखालचं तिरकं लांब लाकूड.
रंधा: लाकूड गुळगुळीत करायचं हत्यार. "रंधा मारणे" असं म्हणतात.
वर्षवलयं: झाडाच्या खोडात दर वर्षी वाढणारी गोल रेघ.
गाभा: खोडाचा आतला, पक्का भाग.
वखार: लाकूड साठवायची आणि विकायची जागा.
धुमारा: मुळातून किंवा खोडातून फुटलेली नवी कोवळी फांदी.

विचार करा आणि बोला
१. बार्न उतरवणं आणि बार्न पाडणं यात फरक काय? दोन-तीन वाक्यांत सांगा.
२. तुमची खोली किती चौरस फूट आहे ते मोजा. पाठातल्या तुळईसारख्या किती तुळया लागतील?
३. वाचवता येईल असा बार्न कुणी फक्त लाकडासाठी उतरवत असेल, तर तुम्ही त्याचं लाकूड घ्याल का? तुमचं मत कारणांसह वर्गात मांडा.
४. घरातल्या मोठ्यांना त्यांच्या जुन्या घराबद्दल विचारा आणि दहा ओळी मराठीत लिहा.